डेबियन १२ वरून १३ वर जाताना: दिसणारे बदल आणि गपचूप चावणारे बदल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की ऑफिसात डेबियन १२ चा (डेबियन ही लिनक्सची एक मोफत ऑपरेटिंग सिस्टम) एक सर्व्हर आहे, त्यावर सांबाची शेअर्स (नेटवर्कवरची सामायिक फोल्डर्स), डव्हकॉट या मेलबॉक्स सांभाळणाऱ्या सर्व्हरचा मेल, पोस्टग्रेस हा डेटाबेस, एक जुनं पीएचपीचं अॅप्लिकेशन आणि बाहेरगावी असणाऱ्या लोकांसाठी व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित मार्ग) असं सगळं एकाच डब्यात चालतंय, घरी एक म्हातारा लॅपटॉप आहे ज्यावर ३२ बिटचं डेबियन आहे, आणि आता १३ आलंय तर "नेमकं काय बदललं, अपग्रेड मारू का थांबू".

आधी सरळ उत्तर. सर्व्हर १३ वर न्या, पण खाली लिहिलेल्या गोष्टी तपासून मग न्या, आणि शुक्रवारी संध्याकाळी तर अजिबात नको. लॅपटॉपवर मात्र अपग्रेड मारूच नका, त्याचं कारण पुढे येतंच.

घाई किती आहे म्हणाल तर डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं आणि त्याचा पहिला पॉइंट रिलीज, म्हणजे साचलेल्या दुरुस्त्यांचा संच, १३.१ सप्टेंबरमध्ये आला. तुमच्या १२ ला, म्हणजे बुकवर्मला, सिक्युरिटी टीमचा पूर्ण सपोर्ट जून २०२६ पर्यंत आणि त्यापुढे एलटीएसवाल्यांचा (दीर्घकालीन सपोर्ट देणाऱ्या गटाचा) ३० जून २०२८ पर्यंत. म्हणजे गळ्याशी काही आलेलं नाही. माझा स्वतःचा नियम असा की पहिला पॉइंट रिलीज येईपर्यंत क्लायंटच्या मशीनला हात लावायचा नाही, स्वतःच्या मशीनवर खेळायचं. लेनी या जुन्या डेबियनपासून, म्हणजे २००९ पासून, हेच करतोय आणि तरीही दर वेळी कुठेतरी एक ठेच लागतेच. या वेळच्या दोन ठेचा खाली सांगतो.

व्हर्जन नंबरांवर फार वेळ घालवत नाही, ते सगळीकडे मिळतात. कर्नल (सिस्टमचा गाभा) ६.१ वरून ६.१२, पायथन ३.११ वरून ३.१३, पीएचपी ८.२ वरून ८.४, पोस्टग्रेस १५ वरून १७, मारियाडीबी १०.११ वरून ११.८, ग्नोम डेस्कटॉप ४३ वरून थेट ४८, केडीई प्लाझ्मा हा दुसरा डेस्कटॉप ५.२७ वरून ६.३, लिबरऑफिस ७.४ वरून २५.२ (त्यांनी मध्येच वर्षाप्रमाणे नंबर द्यायला सुरुवात केली म्हणून ती उडी एवढी मोठी दिसते, घाबरू नका), आणि गिंप शेवटी एकदाचं ३.० झालं. एकूण पॅकेजेस ६९,८३०, त्यातली १४,१०० च्या वर नवीन, आणि ८,८४० च्या वर काढून टाकलेली. हा शेवटचा आकडा लोक वाचत नाहीत. तुम्ही वापरता ते एखादं कोपऱ्यातलं पॅकेज त्या काढलेल्यांमध्ये असू शकतं, तेव्हा आधी शोधून बघा.

पण खरं सांगू का, नंबर वाढल्याने सहसा काही मोडत नाही. जिथे मोडतं तिथे लगेच मोडतं, एरर येते, आपण शिव्या घालतो आणि दुरुस्त करतो. जीव खातात ते डिफॉल्ट बदललेले असतात ते, कारण अपग्रेड व्यवस्थित पार पडतो, सगळं हिरवं दिसतं, आणि पंधरा दिवसांनी काहीतरी बंद पडतं तेव्हा अपग्रेडची आठवणसुद्धा राहिलेली नसते. ट्रिक्सीमध्ये असे गपचूप बदल बरेच आहेत. लपवलेले नाहीत हं, रिलीज नोट्सच्या पाचव्या प्रकरणात सगळं लिहिलेलं आहे, पण ते प्रकरण वाचतो कोण. मीही या वेळी नुसतं वरवर चाळलं आणि आपटलो.

पहिला बदल सिसकंट्रोलचा. कर्नलची सेटिंग्ज, म्हणजे पॅकेट फॉरवर्डिंग (एका नेटवर्कवरचा डेटा दुसऱ्यावर पुढे पाठवणं) चालू ठेवा वगैरे, आपण वर्षानुवर्षं ईटीसी या सेटिंग्जच्या डिरेक्टरीमधल्या सिसकंट्रोल डॉट कॉन्फ या फाइलमध्ये लिहीत आलोय. ट्रिक्सीमध्ये बूट होताना सिस्टमडी (सगळ्या सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्राम) आता ती फाइल वाचतच नाही. फाइल तिथेच असते, तुमच्या ओळी तिच्यात असतात, फक्त तिला कोणी विचारत नाही. सेटिंग्ज आता सिसकंट्रोल डॉट डी या डिरेक्टरीत वेगळी फाइल करून टाकायची, नावाच्या शेवटी डॉट कॉन्फ पाहिजे, एवढंच काम आहे.

माझं काय झालं ते ऐका. एका क्लायंटकडे तुमच्यासारखाच सेटअप, व्हीपीएनने आत येऊन लोक आतल्या मशीनपर्यंत जातात. अपग्रेड केला, रीबूट केला, व्हीपीएन जोडलं जातंय पण पलीकडे काही जात नाही. मी बघितलं तर फॉरवर्डिंग शून्यावर. म्हटलं असेल काहीतरी, सिसकंट्रोलची "फाइल पुन्हा वाच" वाली कमांड मारली, लगेच सगळं चालू, मी खुश होऊन घरी. इथेच खोच आहे, ती कमांड हाताने मारली की जुनी फाइल अजूनही वाचते! म्हणजे तुम्ही तपासायला गेलात की सगळं बरोबर दिसतं आणि रीबूट झाला की परत जैसे थे. दोन आठवड्यांनी तिकडे लाइट गेली, यूपीएसने मान टाकली, मशीन परत उठलं आणि व्हीपीएन मुकं. रविवार होता, मी गावी होतो, फोनवर त्यांच्या अकाउंट्सच्या मॅडमना एकेक अक्षर सांगून कमांड टाइप करायला लावली, आणि सोमवारी जाऊन ओळी नवीन जागी हलवल्या, चार मिनिटांचं काम. (डॉकर, म्हणजे कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर, असेल तर ते स्वतःच फॉरवर्डिंग चालू करून टाकतं, त्यामुळे अशा मशीनवर हा घोळ झाकलेला राहतो आणि डॉकर काढलं की उघडा पडतो.)

तुमच्याकडे व्हीपीएन आहे म्हणून हे सगळ्यात आधी बघा.

दुसरा बदल टीएमपीचा, आणि हा जास्त लोकांना लागणार. आत्तापर्यंत डेबियनमध्ये टीएमपी डिरेक्टरी, म्हणजे तात्पुरत्या फाइल्सची जागा, साध्या डिस्कवर असायची. ट्रिक्सीपासून ती डिफॉल्टने टीएमपीएफएस आहे, म्हणजे मेमरीत राहते आणि जास्तीत जास्त रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढू शकते. नवीन इन्स्टॉलला हे आहेच, पण अपग्रेड केलेल्या मशीनवरसुद्धा रीबूटनंतर हे लागू होतं, जर टीएमपीला तुम्ही मुद्दाम वेगळं पार्टिशन दिलेलं नसेल तर. वेगळं पार्टिशन एफएसटॅबमध्ये (कोणतं पार्टिशन कुठे जोडायचं त्या यादीत) असेल तर ते तसंच चालू राहतं.

का केलं असावं म्हणाल तर त्याला अर्थ आहे, छोट्या तात्पुरत्या फाइल्स मेमरीत पटकन होतात, एसएसडीची झीज कमी, रीबूटला आपोआप सफाई. फेडोरासारख्या दुसऱ्या लिनक्समध्ये हे बारा-तेरा वर्षांपासून आहेच. पण आपल्याकडच्या स्क्रिप्ट कशा असतात तुम्हाला माहितीये. माझीच एक बॅकअपची स्क्रिप्ट, खूप जुनी, पोस्टग्रेसचा डंप (सगळा डेटा एका फाइलमध्ये) आधी टीएमपीमध्ये टाकते, मग झिप करते, मग दुसऱ्या मशीनवर पाठवते. त्या व्हीएमला (व्हर्च्युअल मशीनला) ४ जीबी रॅम, म्हणजे टीएमपी झाली २ जीबीची, आणि डंप ३ जीबीच्या आसपास. डिस्कवर दोनशे जीबी मोकळी आणि स्क्रिप्ट म्हणतेय जागा नाही. अर्धवट डंप तसाच झिप होऊन पलीकडे जात होता कारण मी पहिल्या पायरीची एरर तपासलीच नव्हती, ती चूक माझी, डेबियनची नाही. नऊ दिवस. नऊ दिवसांचे बॅकअप कुचकामी, आणि कळलं ते सहज एकदा फाइलच्या साइझ बघताना, सगळ्या जवळपास सारख्याच साइझच्या दिसल्या म्हणून. त्या नऊ दिवसांत डिस्क गेली असती तर काय झालं असतं याचा विचार मी अजून करत नाही.

तर मोठ्या फाइल्स टाकणाऱ्या सगळ्या स्क्रिप्ट शोधा आणि त्यांना व्हार टीएमपी दाखवा, ती अजूनही डिस्कवरच आहे आणि रीबूटनंतरही टिकते. पीएचपीचं अॅप्लिकेशन मोठ्या फाइल्स अपलोड करून घेत असेल तर तेही टीएमपीमध्येच साठवतं, तिकडेही बघा. आणि हे सगळं नकोच असेल तर टीएमपी डॉट माउंट नावाचं युनिट सिस्टमकंट्रोलने मास्क करा (म्हणजे ते सुरूच होणार नाही) आणि रीबूट करा, जुनं वागणं परत. मी दोन मशीनवर तसंच केलंय, त्यात कमीपणा काही नाही.

याच्या जोडीला आणखी एक, नवीन इन्स्टॉलवर टीएमपीतल्या १० दिवसांपेक्षा जुन्या आणि व्हार टीएमपीतल्या ३० दिवसांपेक्षा जुन्या फाइल्स आपोआप उडवल्या जातात. अपग्रेड केलेल्या मशीनवर जुनं वागणं टिकवणारी एक फाइल तयार होते त्यामुळे तुम्हाला लगेच त्रास नाही, पण उद्या नवीन मशीन उभं केलंत आणि कोणी व्हार टीएमपीत "तात्पुरतं" म्हणून महत्त्वाचं काही ठेवलं तर महिन्याने ते गेलं. आणि एक गंमत, अपग्रेडच्या आधी टीएमपीत जे पडलेलं होतं ते मेमरीवाल्या टीएमपीच्या खाली झाकलं जातं, दिसत नाही पण डिस्कवरची जागा अडवून बसतं. मूळ फाइलसिस्टम दुसरीकडे बाइंड माउंट करून ते काढता येतं.

मग लॉगिनची हजेरी. "लास्ट" आणि "लास्टलॉग" या कमांड, कोण कधी आलं गेलं बघायला आपण वापरतो त्या, आधीच्या रूपात गेल्या. कारण मजेशीर आहे. त्या ज्या फाइल फॉरमॅटमध्ये नोंद ठेवायच्या त्यात वेळ ३२ बिटमध्ये लिहिलेली असायची, आणि ३२ बिटची वेळ १९ जानेवारी २०३८ ला संपते, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद, त्यानंतर आकडा उलटा फिरून १९०१ सालात जातो. आता त्या जागी डब्ल्यूटीएमपीडीबी आणि लास्टलॉग२ अशी नवीन पॅकेजेस आहेत, ती वेगळी टाकावी लागतात आणि सोबत त्यांची पॅमची (लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेची) मोड्युल्सही. ऑडिटवाले महिन्याला लॉगिनचा रिपोर्ट मागत असतील तर आधीच टाकून ठेवा, नंतर टाकलंत तर मधल्या काळाची नोंद त्यात सापडणार नाही, जर्नल, म्हणजे सिस्टमचा लॉग, उकरत बसावं लागेल.

हा २०३८ चा विषय निघालाच आहे तर दोन शब्द जास्त बोलतो, कारण माझ्या मते ट्रिक्सीमधलं सगळ्यात मोठं काम हेच आहे आणि ते दिसत मात्र कुठेच नाही. डेबियनने आय३८६ (३२ बिटचे पीसी) सोडून बाकी सगळ्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर) वेळ ६४ बिटची केली. ६४ बिटच्या मशीनवर ती आधीपासूनच तशी होती, प्रश्न होता ३२ बिटच्या आर्म प्रोसेसरवाल्या बोर्डांचा. एखादी व्हॅल्यू ४ बाइटवरून ८ बाइटची केली की ती वापरणाऱ्या प्रत्येक लायब्ररीचा एबीआय (बाकी प्रोग्राम तिच्याशी ज्या साच्याने जुळतात तो) बदलतो, म्हणजे हजारो पॅकेजेस परत बिल्ड करायची आणि तीही बरोबर क्रमाने. हे काम २०२४ च्या सुरुवातीला धडाक्यात चालू होतं आणि नेमकं त्यातच २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरनी एक्सझेड या फाइल्स दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमधला बॅकडोअर, म्हणजे चोरवाट, उघड केला. एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायची पद्धत) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे शोधताना सापडलेला तो प्रकार आठवत असेल. एक्सझेड ५.६.० आणि ५.६.१ ही व्हर्जन्स डेबियनच्या टेस्टिंग-अनस्टेबल या अजून तयार होत असलेल्या शाखांमध्ये पोचली होती, स्टेबलपर्यंत आली नव्हती. तेव्हा मी घरच्या मशीनवर टेस्टिंग चालवत होतो, त्या शनिवारी सकाळी चहा तसाच राहिला. लोक विचारतात डेबियन एवढं हळू का, दोन वर्षांनी एक रिलीज का. तर म्हणून.

आता तुमच्या लॅपटॉपकडे. आय३८६ म्हणजे ३२ बिटचं पीसी, हे ट्रिक्सीमध्ये पूर्ण आर्किटेक्चर राहिलेलं नाही. त्याचा कर्नल नाही, इन्स्टॉलर नाही. आय३८६ ची पॅकेजेस आहेत, पण ती ६४ बिटच्या सिस्टमवर एखादं जुनं ३२ बिट सॉफ्टवेअर चालवायला म्हणून. तुमच्या ३२ बिट इन्स्टॉलवर अपग्रेड मारलात तर अर्ध्यात अडकाल. आधी एक बघा, सीपीयूच्या माहितीत फ्लॅग्जच्या यादीत "एलएम" अशी दोन अक्षरं आहेत का. असतील तर प्रोसेसर ६४ बिटचा आहे, फक्त तेव्हा कोणीतरी ३२ बिटची सीडी घालून दिली होती, आणि हे आपल्याकडे भयंकर कॉमन आहे, २००८-१० च्या काळात दुकानदार सरसकट ३२ बिटच टाकून द्यायचे. तसं असेल तर डेटा काढून एएमडी६४ चं ट्रिक्सी नव्याने टाका. "एलएम" नसेल तर १२ वरच राहू द्या. आणि २ जीबी रॅम असेल तर ग्नोमच्या नादी लागू नका, एक्सएफसीई ४.२० किंवा एलएक्सक्यूट टाका.

(जाणाऱ्यांच्या यादीत आणखी, मिप्सची दोन्ही आर्किटेक्चर गेली आणि जुन्या आर्मवाल्या आर्मेलसाठी हा शेवटचा रिलीज. येणाऱ्यांमध्ये रिस्क-फाइव्ह ही खुली प्रोसेसर-रचना पहिल्यांदाच अधिकृतपणे आली. आयआयटी मद्रासचं शक्ती आणि सी-डॅकचं वेगा हे आपल्याकडचे प्रोसेसर याच आर्किटेक्चरवर आहेत, त्यामुळे मला त्याचं कौतुक, पण तुमच्या ऑफिसला आज त्याचा उपयोग शून्य.)

एसएसएच. ओपनएसएसएच १०.० आलंय, त्यात डीएसए या जुन्या प्रकारच्या की पूर्ण बंद. नवीन की तशाही कोणी त्या प्रकारच्या बनवत नाही, पण रॅकमध्ये एखादा पंधरा वर्षांचा स्विच असतो ज्याला फक्त डीएसए कळतं. त्याच्यासाठी ओपनएसएसएच-क्लायंट-एसएसएच१ नावाचं वेगळं पॅकेज आहे, ते टाकून एसएसएच१ या कमांडने आत जा. चांगली बाजू अशी की की-एक्स्चेंज (दोन्ही बाजूंनी गुप्त किल्ली ठरवणं) १२ प्रमाणेच इथेही डिफॉल्टनेच क्वांटम कॉम्प्युटरला टिकेल अशा संकरित पद्धतीने होतं, त्यासाठी तुम्हाला काही करायचं नाही.

आणि अपग्रेड एसएसएचवरून करणार असाल तर आधी १२ पूर्ण अपडेट करून घ्या, अगदी शेवटच्या पॉइंट रिलीजपर्यंत. जुन्या १२ वरून थेट उडी मारली आणि मध्येच कनेक्शन तुटलं तर परत आत घेतच नाही असं होऊ शकत होतं, त्याचा इलाज १२ च्याच ओपनएसएसएचच्या अपडेटमध्ये दिलेला आहे. शिवाय टीमक्स किंवा स्क्रीनमध्येच (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारे प्रोग्राम) काम करा, हे सांगायला नको पण सांगतोच.

रीबूटच्या आधी तीन गोष्टी, या तिन्हींत मशीन उठतच नाही किंवा उठतं पण नेटवर्कवर दिसत नाही. बूट पार्टिशन वेगळं असेल तर ते निदान ७६८ एमबी पाहिजे आणि त्यात ३०० एमबी मोकळे पाहिजेत, आत्ताचे इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइल्स) जाडजूड झालेत. डेटाची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर सिस्टमडी-क्रिप्टसेटअप हे पॅकेज आता वेगळं झालंय, ते आलंय ना बघा. आणि नेटवर्क कार्डाचं नाव नवीन कर्नल-सिस्टमडीमध्ये काही हार्डवेअरवर बदलू शकतं, नाव बदललं की स्टॅटिक आयपी लागत नाही. ज्या मशीनसमोर मॉनिटर नाही आणि जे तुमच्यापासून शंभर किलोमीटरवर आहे त्याच्यासाठी हे तिसरं सगळ्यात वाईट. नाव बदलणार का हे आधी यूडेव्ह-एडीएमच्या टेस्टने कळतं, किंवा मॅक अॅड्रेसवरून नाव पक्कं करणारी लिंक फाइल लिहून ठेवा.

आता तुमच्या सर्व्हिसेस एकेक.

डव्हकॉट हा तुमचा सगळ्यात मोठा खड्डा. २.४ आलंय आणि त्याची कॉन्फिग २.३ शी जुळत नाही. थोडीफार नाही, जुळतच नाही. फाइलच्या सुरुवातीला कॉन्फिगचं व्हर्जन लिहावं लागतं, मेल लोकेशनची एक ओळ जाऊन तिथे ड्रायव्हर आणि पाथ असे वेगळे तुकडे, सर्टिफिकेटच्या सेटिंगची नावं बदललेली. जुनी फाइल ठेवलीत तर डव्हकॉट सुरूच होणार नाही. माझं ऐकाल तर एका रिकाम्या व्हीएमवर ट्रिक्सी टाका, तिथे नवीन कॉन्फिग लिहून दोन टेस्ट मेलबॉक्स चालवून बघा, आणि ती तयार फाइल खिशात ठेवूनच मूळ सर्व्हरला हात लावा. ऐन वेळी ऑफिसचा मेल बंद ठेवून डॉक्युमेंटेशन वाचत बसणं म्हणजे लग्नाच्या दिवशी आचारी शोधण्यासारखं आहे.

पोस्टग्रेस आपोआप १७ वर जात नाही, हे चांगलंय. १७ शेजारी येऊन बसतं, जुना १५ चा क्लस्टर, म्हणजे त्याच्या डेटाबेसचा संच, चालूच राहतो. आधी १७ चा रिकामा क्लस्टर काढून टाका, मग पीजी-अपग्रेडक्लस्टरने १५ वाला हलवा, आणि दोन-चार दिवस नीट चालल्यावर जुना काढा. लोक काय करतात, "चालतंय ना" म्हणून १५ तसंच महिनोन्महिने ठेवतात, आणि त्यात एक आतली गोम आहे. मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स क्रम ठरवायला सिस्टमच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीला विचारतात, आणि ती २.३६ वरून २.४१ झालीये. क्रमाचे नियम कुठे बदललेले असतील तर जुना इंडेक्स चुकीचा ठरतो, म्हणजे ग्राहकाचं नाव टेबलमध्ये आहे पण शोधलं की सापडत नाही. पोस्टग्रेस लॉगमध्ये कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) जुळत नसल्याची वॉर्निंग देतं, ती दुर्लक्षित करू नका, रीइंडेक्स करा आणि मगच कोलेशनचं व्हर्जन रिफ्रेश करा, उलट क्रमाने केलंत तर फक्त वॉर्निंग बंद होते आणि आजार तसाच. पीजी-अपग्रेडक्लस्टर डिफॉल्टने डंप काढून परत भरतं, त्यात इंडेक्स नव्यानेच बनतात, म्हणून १७ वर गेलात की हा प्रश्न मिटला.

पीएचपी ८.४ वर जुनं अॅप्लिकेशन बहुतेक चालेल, लॉगमध्ये डेप्रिकेटेडच्या ओळींचा पाऊस पडेल. पण ते आयमॅप फंक्शन्स वापरून मेल वाचत असेल तर सावध, ते एक्सटेन्शन ८.४ मध्ये पीएचपीच्या मूळ संचातून बाहेर काढलंय. सांबाचं फक्त एवढंच की तुम्ही ते डोमेन कंट्रोलर म्हणून चालवत असाल तर तो भाग आता सांबा-एडी-डीसी या वेगळ्या पॅकेजमध्ये आहे, साध्या शेअर्सना काही होत नाही. पायथनचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट असतील तर ते सगळे नव्याने बनवावे लागतील, आणि सीजीआय, टेलनेटलिब, क्रिप्ट ही जुनी मोड्युल्स ३.१३ मध्ये नाहीत, कोणाच्या तरी जुन्या स्क्रिप्टमध्ये ती हमखास निघतात.

एपीटी, म्हणजे पॅकेजेस टाकण्या-काढण्याचं साधन, त्याच्या ३.० बद्दल मात्र चांगलंच बोलेन. पॅकेजेसची यादी आता स्तंभांमध्ये, रंगात येते आणि काढली जाणारी पॅकेजेस लाल दिसतात. ऐकायला चिल्लर वाटतं पण फुल-अपग्रेडच्या वेळी एंटर दाबण्याआधी डोळा बरोबर लाल ओळींवर जातो, आणि तिथे तुमच्या सर्व्हिसचं नाव दिसलं तर थांबता येतं. सोर्सेसची (पॅकेजेस कुठून आणायची त्या यादीची) जुनी एका ओळीची पद्धत अजून चालते, पण एपीटी मॉडर्नाइझ-सोर्सेस अशी कमांड आलीये, ती जुनी फाइल नव्या फॉरमॅटमध्ये करून देते आणि जुनीची कॉपीही ठेवते. हे अपग्रेडच्या आधी नको, सगळं स्थिरस्थावर झाल्यावर करा. एपीटी-की मात्र गेलं, त्यामुळे बाहेरच्या रेपोची (पॅकेजेसच्या साठ्याची) की टाकणाऱ्या जुन्या इन्स्टॉल स्क्रिप्ट तिथेच आपटतात.

डेस्कटॉपचं तुम्ही विचारलं नाहीत, पण लॅपटॉपवर मराठी टाइप करता म्हणालात म्हणून सांगतो. ग्नोममध्ये काही विशेष नाही, आयबस या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधून इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक आधीसारखंच. केडीई ६.३ मात्र डिफॉल्टने वेलँड या नव्या डिस्प्ले पद्धतीवर चालतं आणि तिथे आयबस नुसतं टाकून भागत नाही, सिस्टम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल कीबोर्ड नावाच्या पानावर जाऊन आयबस वेलँड किंवा एफसीआयटीएक्स ५ निवडावं लागतं. व्हर्च्युअल कीबोर्ड म्हणजे स्क्रीनवरचा कीबोर्ड असेल असं समजून मी ते पान दोन दिवस उघडलंच नव्हतं. एवढा खटाटोप नको असेल तर कीबोर्ड लेआउटच्या यादीत भारताखाली मराठी कगप फोनेटिक आहे, त्याला आयबस वगैरे काहीच लागत नाही.

क्रम असा ठेवा. बॅकअप, आणि तो दुसऱ्या मशीनवर एकदा रिस्टोअर करून बघायचा (मी आता हे बोलतोय नऊ दिवसांचं वर लिहून झाल्यावर, हसा). बाहेरचे रेपो बंद. १२ पूर्ण अपडेट, एक रीबूट, म्हणजे जुना काही आजार असेल तर तो आत्ताच कळेल आणि नंतर ट्रिक्सीच्या नावावर खपणार नाही. मग सोर्सेसमध्ये बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी, आधी नवीन पॅकेजेस न आणणारा साधा अपग्रेड, मग फुल-अपग्रेड. मध्ये कॉन्फिग फाइल ठेवू का बदलू असं विचारेल तिथे फरक बघूनच उत्तर द्या, नुसतं एंटर एंटर मारत जाऊ नका. ११ वरून थेट १३ होत नाही, तुमच्या दुसऱ्या शाखेत जे ११ आहे म्हणालात त्याला आधी १२ करावं लागेल. शेवटचा रीबूट झाला की सगळं चालतंय बघा, आणि मग अजून एकदा मुद्दाम रीबूट करून परत बघा, यात व्हीपीएनमधून आतलं मशीन पिंग होतंय का हेही आलं.

डव्हकॉटची सध्याची कॉन्फिग पाठवा, पासवर्ड आणि डोमेन खोडून. तुमच्याकडे व्हर्च्युअल युजर्स डेटाबेसमधून येतात का सिस्टमचेच अकाउंट आहेत यावर किती फेरफार लागेल ते ठरतं, बघून सांगतो.